माशाचे तेल आणि वेष्टनावरील मौन

हृदयाचे आरोग्य राखण्यासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेण्याची प्रथा आपल्या मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या कोठेही मिळतात. परंतु बांगडा किंवा कोळंबी खाल्ली की ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, प्रसंगी श्वास कोंडून जिवावर बेतते, अशा माणसाने हे तेल घ्यावे काय? प्रश्न वरकरणी वैद्यकाचा दिसतो. तथापि त्याचा अर्धा भाग कायद्याचा आणि अर्थशास्त्राचाही आहे.

प्रथम शास्त्रीय बाजू पाहू. अन्नाची ॲलर्जी सामान्यतः प्रथिनांमुळे होते, मेदामुळे नव्हे. माशांच्या बाबतीत पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन मुख्यतः दोषी असते. कोळंबी, खेकडे, शेवंड या कवचधारी जीवांच्या बाबतीत ट्रोपोमायोसिन. दोन्ही प्रथिने भिन्न असल्याने कोळंबी न सोसणाऱ्याला मासे सोसतात, असे पुष्कळदा आढळते. तेल हा मेद होय. ते चांगले शुद्ध केले, तर त्यात प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मासे न सोसणाऱ्या व्यक्तींना असे तेल देऊन पाहिले, तेव्हा कोणालाही त्रास झाला नाही. निष्कर्ष दिलासा देणारा आहे खरा. परंतु त्या व्यक्ती होत्या अवघ्या सहा. सहा जणांवरून साऱ्यांना अभय देणे कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाला मान्य होणार नाही.

शिवाय ‘चांगले शुद्ध केले, तर’ ही अट महत्त्वाची आहे. ब्रिटनमध्ये भुईमुगाची ॲलर्जी असलेल्या साठ जणांवर केलेला एक प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध झाला. शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलाने त्यांपैकी एकालाही बाधा झाली नाही. कच्च्या तेलाने मात्र सहा जणांना झाली. म्हणजे तेल तेवढे निर्धोक, असा सरसकट नियम नाही. ते कसे काढले व किती शुद्ध केले, यावर सारे अवलंबून असते.

कॅप्सूलच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. तिचे वरचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन गुराढोरांप्रमाणे माशांपासूनही बनते. दुसरे, अलीकडे ‘क्रिल’ तेल विकले जाते. क्रिल हा मासा नसून कोळंबीसारखा कवचधारी जीव आहे. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याने ‘हेही माशाचेच तेल’ समजून ते घेतले, तर तो फसण्याचा संभव आहे.

आता कायद्याकडे वळू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या वेष्टनविषयक विनियमांनुसार कवचधारी जीव, मासे, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादी पदार्थांचा ॲलर्जीकारक म्हणून स्वतंत्र उल्लेख करणे बंधनकारक आहे. मात्र या पदार्थांपासून काढलेल्या तेलांना या घोषणेतून सूट आहे. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यातही तेलाला सूट आहे; पण ती ‘अतिशुद्ध’ तेलापुरती. आपल्याकडे हे विशेषण गळाले आहे. वेष्टनावर मांसाहाराची खूण असते, ती शाकाहारी ग्राहकाला पुरेशी ठरते. ॲलर्जी असलेल्याला प्राणी कोणता, हे कळल्यावाचून तिचा उपयोग नाही.

जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असतील, तर बाजार आपले काम नीट करू शकत नाही. मोटारीचा दोष निदान वापरल्यावर कळतो. कॅप्सूलमधील प्रथिनाचा अंश कळण्याचा ग्राहकाजवळ एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे स्वतःच्या देहावर प्रयोग करणे! उत्पादकाला वेष्टनावर दोन ओळी अधिक छापण्याचा खर्च नगण्य. त्या न छापल्याची संपूर्ण किंमत मात्र ग्राहकाने मोजावयाची. खर्चाची ही वाटणी न्याय्य म्हणता येणार नाही.

लाभाचा पक्षही तपासला पाहिजे. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाले. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ मेदाम्ले घेऊनही हृदयविकाराचे मोठे प्रसंग वा कर्करोग यांत लक्षणीय घट झाली नाही. डॉक्टरांनी रक्तातील ट्रायग्लिसराइड्ससाठी मुद्दाम दिलेल्या औषधाची गोष्ट वेगळी. तेथेही ॲलर्जीची कल्पना त्यांना आधी दिलीच पाहिजे. परंतु केवळ जाहिरात वाचून कॅप्सूल घेणाऱ्या निरोगी माणसाचा लाभ इतका संदिग्ध असेल, तर ॲलर्जी असलेल्याने लहानसा धोका तरी का पत्करावा? ज्याला हे मेद हवेच असेल, त्याच्यासाठी शेवाळापासून काढलेले तेल उपलब्ध आहे. माशांच्या शरीरात तरी ते मूळ शेवाळातूनच येते. ते घेतानाही आवरण कशाचे आहे, हे पाहावे आणि ॲलर्जीतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

धोका बहुधा अल्प आहे, हे मान्य करूनही एक मागणी उरते. तेलाला दिलेली सूट अतिशुद्ध तेलापुरती मर्यादित करावी. तेल कोणत्या जीवाचे आणि जिलेटिन कशाचे, हे वेष्टनावर वाचता येईल अशा अक्षरांत छापावे. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्याला अंदाजावर सोडून देणारा नियम ग्राहकाच्या रक्षणाचा नियम म्हणवून घेऊ शकत नाही.