उसनी पानगळ

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपली आणि पुण्याहून आलेल्या पुतण्याने फर्मान काढले, "काका, शनिवार-रविवार आंबोलीला जाऊ. ऑटमचे फोटो काढायचेत. धबधब्याचेही." बेळगावहून निघालो, चंदगड तालुका ओलांडून आंबोलीला पोहोचलो. रस्त्याकडेचे गवत पिवळे पडत चालले होते, सोनकीची फुले कुठे कुठे तग धरून होती. रान मात्र हिरवेगार. धबधब्याला पाणी होते, पण आषाढातले नव्हे. कड्यावरून दोन-चार बारीक धारा उतरत होत्या. शेजारच्या एका गृहस्थांनी चहावाल्याला चक्क विचारले, "आज धबधबा बंद आहे का हो?" चहावाला हसला. मला हसू आले नाही.

रात्री पुतण्याने फोटो दाखवले. हिरवे रान नारिंगी झालेले! मोबाइलवर बोट फिरवले की झाडांचा रंग बदलतो म्हणे. "आता कसं ऑटमसारखं दिसतंय!" तो म्हणाला. सगळे घर खूश. मी एकटाच गप्प.

पोरावर रागावून काय उपयोग? भिंतीवरच्या कॅलेंडरांत आणि सिनेमांत त्याने जे रान पाहिले, ते परमुलखातले. थंड देशांत शरदात दिवस आखूड होतो, पानातले हिरवे द्रव्य विरते आणि आत दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. काही झाडे तांबडा रंग नव्याने घडवतात. तिथली ती शोभा खरी आहे. पण आंबोलीचे सदाहरित रान एकदम पाने टाकतच नाही. घाटउतारावरची पानझडी झाडे पाने टाकतात ती पाणी आटू लागल्यावर, शिशिराच्या सुमारास. आणि आपल्याकडचा लाल रंग पाहायचा तर फाल्गुन-चैत्रात जावे. कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, पिंपळाची पाने तांबूस चकाकतात, आंब्याची कोवळी पाने तांबडी लवलवतात. तिकडे पान गळताना लाल होते, आपल्याकडे जन्मताना. हा देखावा डोळ्यांसमोर असतो तेव्हा आम्ही परीक्षांत आणि लग्नांत गुंतलेले असतो. मग दिवाळीत कॅमेरा घेऊन जातो आणि जे नाही ते उसने आणतो.

धबधब्याचेही तेच. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायचा, झडप क्षणभर जास्त उघडी ठेवायची, की पाणी पिंजलेल्या कापसासारखे दिसते. दिसो बापडे. पण ते पाणी येते कुठून, जाते कुठे, हे कोण विचारतो? आंबोलीच्या घाटात पश्चिमेला कोसळणारे पाणी कोकणात उतरते. त्याच आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते आणि पुढे गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली झेप घेते. म्हणजे आंबोलीला छत्रीवर पडलेल्या पावसाचा वाटा आपण गोकाकच्या धबधब्यात पाहतो. २०२० साली याच हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली आणि नदीचेच नाव त्याला मिळाले. आमच्या शेकडो फोटोंत ना ती नदी होती, ना तो मासा. आम्ही मात्र सगळ्यांत होतो, कड्याकडे पाठ करून.

आता खरे दुखणे सांगतो. १९५६ पासून आपण या भागात भाषेसाठी भांडत आलो. पाटीवर कोणती अक्षरे, दाखल्यावर कोणती, शाळेत कोणती. ते भांडण खोटे नाही. मीही त्यात मागे नव्हतो. पण ज्या झाडाखाली आमच्या पोरांनी फोटो काढले, त्याला त्यांनी 'ट्री' म्हटले. आपला ऐन कन्नडात मत्ती होतो, जांभूळ नेरळे होते. दोन भाषांच्या मुलखात वाढणाऱ्या पोराला एकेका झाडाची दोन-दोन नावे यायला हवीत. आमच्यांना एकही येत नाही. हे कुठल्या सरकारने लादलेले नाही. आमच्या घरात, आमच्या डोळ्यांदेखत झाले. पाटीवरचा शब्द मोर्चा काढून मागता येतो. तोंडातून गेलेला कुणाकडे मागायचा?

कोणी म्हणेल, फोटो काढणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. मन लावून फोटो काढणाऱ्याचे डोळे उघडतात. सोनकीची एक पाकळी नीट टिपायला तो तास-तास गुडघ्यावर बसतो. माझी तक्रार त्याच्याशी नाही. दोन तासांत दोनशे फोटो काढून, माकडांना कुरकुरे चारून, रिकाम्या बाटल्या दरीत भिरकावून परतणाऱ्यांशी आहे. आणि त्यांना गाडीत घालून नेणाऱ्या माझ्यासारख्या काकांशीही. झाडाचे नाव मला ठाऊक होते. दिवसभरात मी ते एकदाही सांगितले नाही. पोरे कंटाळतील, असे वाटले.

तेव्हा वाचकहो, यंदा डोंगरावर जरूर जा, कॅमेराही न्या. पण परत आल्यावर प्रत्येक फोटोखाली झाडाचे, ओढ्याचे, गावाचे नाव लिहायला पोरांना बसवा. मराठीत लिहू द्या, कन्नडात लिहू द्या. येत नसेल तर तिथल्या चहावाल्याला, गुराख्याला विचारून या म्हणावे. आणि रानाचा जो रंग असेल तोच राहू द्या. मी पुतण्याला चैत्रात पुन्हा बोलावले आहे. कुसुंब दाखवीन म्हणतो.