भूखंडाची वाटणी आणि पालिकेचा शिक्का

वडिलार्जित जमिनीची वाटणी हा कोणत्याही कुटुंबाच्या जीवनातील नाजूक प्रसंग होय. भावाभावांत समजूत आहे, बहिणीचा हिस्सा सर्वांना मान्य आहे, तरीही नकाशावर एक रेषा ओढून घेण्यासाठी वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, अशी तक्रार गोव्याच्या शहरांतून सतत ऐकू येते. तिच्याकडे एखाद्या घरचा खाजगी प्रश्न म्हणून पाहणे योग्य होणार नाही. भूखंडाचे विभाजन हा जितका कुटुंबाचा, तितकाच नगराचाही प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

गोव्यात त्याला एक विशेष पार्श्वभूमी आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा येथे आजही चालू असून मुलगा व मुलगी यांना समान हिस्सा मिळतो. ही व्यवस्था न्याय्य आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. परंतु त्यामुळेच एका पिढीत एकाच्या नावावर असलेली जमीन पुढच्या पिढीत अनेकांच्या नावांवर चढते. समजा, वडिलांनी एका मंजूर वसाहतीत ६०० चौरस मीटरांचा भूखंड घेतला. त्यांच्या पश्चात तीन अपत्यांचे हक्क वारसाच्या दस्तऐवजाने अथवा न्यायालयातील इन्व्हेंटारीने ठरले. कागदावर तिघेही मालक झाले; पण आपली २०० मीटर जागा नेमकी कोणती, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. हिस्सा वेगळा नसल्याने घरासाठी कर्ज मागायला गेले की बँक सर्व सहमालकांची संमती मागते, आणि एक भाऊ परदेशी असला की सारेच अडून बसते.

वाट सुकर नाही. भूमापनाचा नकाशा, चलता क्रमांकाचा फॉर्म डी किंवा फॉर्म १ आणि १४, मालकीचे दस्तऐवज, १९६८ च्या जमीन महसूल संहितेखालील रूपांतर सनद व अभियंत्याने काढलेला आराखडा एवढे जमवून प्रथम नगरनियोजन खात्याची किंवा नियोजन व विकास प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता घ्यावयाची. मग पालिकेचा परवाना. रस्ता व गटारे यांचे काम झाले की पाहणी व अंतिम मान्यता. आणि त्यानंतर भूमापन खात्याकडे स्वतंत्र क्रमांकासाठी नवा अर्ज. एका टेबलावर एक त्रुटी दाखवावी, ती दूर झाली की दुसरी काढावी, हा प्रकार नागरिकाला सर्वांत अधिक जाचतो. अखेर कंटाळून लोक भूखंडात कुंपण घालतात, साध्या कागदावर रेखाचित्र काढून सह्या करतात आणि घर बांधून मोकळे होतात. त्या सह्यांचे मोल पुढच्या पिढीला न्यायालयात कळते.

म्हणून परवानगीच रद्द करा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वसाहतीचा आराखडा मंजूर होतो तेव्हा रस्त्याची रुंदी व गटाराचा आकार त्यातील घरांच्या संख्येचा विचार करून ठरलेला असतो. एका भूखंडाचे तीन झाले की एका घराच्या जागी तीन घरे येतात. परंतु रस्ता तेवढाच राहतो. मागच्या हिश्श्याला वाट न ठेवता पुढचा हिस्सा विकला गेला, तर आत राहणाऱ्याच्या दारापर्यंत अग्निशामक बंब जाणार कसा? मलनिस्सारणाच्या वाहिन्या राज्याच्या मोजक्याच भागांत आहेत. अन्यत्र प्रत्येक घराचा शोषखड्डा वेगळा. जांभ्या दगडातून पाणी झपाट्याने झिरपते. तेव्हा एकाचा शोषखड्डा आणि शेजाऱ्याची विहीर यांत पुरेसे अंतर राहिले पाहिजे. हे पाहणे पालिकेचे कर्तव्य आहे आणि ते तिने सोडता कामा नये.

खेदाची गोष्ट ही की, जेथे काटेकोरपणा हवा तेथे तो ढिला पडतो आणि जेथे सौजन्य हवे तेथे कायद्याचा काटा रोवला जातो. मोठी जमीन पाडून विकणाऱ्याला रस्ते व मोकळी जागा सोडावीच लागते. पण भूखंड विकले गेल्यावर ती मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आहे, याची विचारपूस क्वचितच होते. मुलांनी खेळावयाच्या जागेवर काही वर्षांनी कुंपण उभे राहिलेले दिसते, आणि इकडे भावंडांचा अर्ज एका नकलेपायी पडून राहतो.

आमची सूचना साधी आहे. वारसांमधील वाटणी आणि विक्रीसाठीचे विभाजन यांचे अर्ज वेगळे हाताळावेत. वाट, गटार व शोषखड्डा यांचे नियम दोघांनाही सारखेच असावेत. वारसांची धावपळ तेवढी कमी व्हावी. लागणाऱ्या कागदांची यादी पालिकेच्या दर्शनी फलकावर मराठी व कोंकणीत लावावी. त्रुटी असतील त्या एकाच वेळी आणि लेखी कळवाव्यात. नागरिकांना मुदतीत सेवा देण्याचा कायदा गोव्याने २०१३ मध्ये केला आहे; त्याच्या भावनेस अनुसरून या अर्जांनाही निश्चित मुदत असावी. तसेच रस्ते व मोकळ्या जागा रीतसर पालिकेकडे आल्याशिवाय कोणत्याही वसाहतीला अंतिम मान्यता देऊ नये, आणि अशा जागांची नोंदवही नागरिकांना पाहावयास खुली ठेवावी.

नागरिकांचेही कर्तव्य आहे. आई-वडील हयात असताना आणि भावंडांत गोडवा असतानाच वाटणीचा आराखडा करून घेणे शहाणपणाचे. मंजुरी न पाहता स्वस्त मिळाला म्हणून भूखंड घेणारा स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही अडचणीत लोटतो.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा सरकारी कार्यालय आपले वाटेल, ही सामान्य माणसाची अपेक्षा होती. भावंडांची वाटणी जेथे विनासायास होते आणि मुलांचे मैदान जेथे कोणी गिळू शकत नाही, ती पालिका ही अपेक्षा पुरी करील. त्यासाठी नवा कायदा नको. असलेल्या कायद्याची सचोटीने अंमलबजावणी हवी.