अस्वलाच्या चित्राची फाइल

2002 साली नणंदेचा ईमेल आला. कॉम्प्युटरमध्ये ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ ही फाइल शोधा, तिच्यावर टेडी बेअर असेल. तो व्हायरस आहे, 14 दिवस गप्प बसतो, लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. शोधली तर खरंच अस्वल! मी घाबरून फाइल उडवली आणि वीसेक जणांना निरोप धाडला.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, “आई, ती विंडोजचीच फाइल होती गं. सगळ्यांकडे असते.” म्हणूनच तर प्रत्येकाला ती सापडत होती! नशीब, ती जावाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्याच कामाची होती, आमचं काही अडलं नाही.

व्हाउचरशिवाय नोंद नाही, हे मी कॉमर्सला शिकलेली. इथे मात्र नणंदेचं नाव पाहूनच विश्वास ठेवला. तिनंही तसाच कुणावर तरी ठेवला असणार. ‘काळजीपोटी पाठवलं’ ही सबब मला पटत नाही. आता मी फाइलचं नाव गूगलवर टाकते, अँटीव्हायरसवाल्यांच्या साइटवर बघते. ‘सगळ्यांना पाठवा’ दिसलं की संशय आधी.

त्या वीस जणांना दुसऱ्या दिवशी माफीचा ईमेल केला. तोवर अकरा जणांनी तो निरोप पुढे पाठवला होता.