बोनेटवरचा बिल्ला

माझे मोठे मामा मूलला असतात. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, सायकलवरून स्कूटरवर आले आणि निवृत्तीचे पैसे हाती पडल्यावर त्यांनी पहिली मोटार घेतली. ब्रह्मपुरीच्या एका लग्नात ती गाडी मांडवासमोर उभी राहिली. पाचच मिनिटांत वरपक्षाकडच्या एका हुशार पाहुण्याने बोनेट उघडायला लावून आतल्या एका भागावरचा छाप सगळ्यांना दाखवला. बिल्ला एका कंपनीचा आणि यंत्र दुसरीचे! "मास्तर, तुम्हाले फसवलं ना जी," असे तो म्हणाला आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. गाडी कोणती ते इथे लिहीत नाही, कारण मामा आपला वार्षिकांक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

वास्तविक मामांना कोणीही फसवले नव्हते. टोयोटा आणि सुझुकी या दोन जपानी कंपन्यांनी भारतात एकमेकींना गाड्या पुरवायच्या, असे २०१८ साली जाहीरपणे ठरवले. २०१९ साली मारुतीची बलेनो टोयोटाचा बिल्ला लावून ग्लान्झा झाली, पुढच्या वर्षी ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली. २०२३ मध्ये गंगा उलटी वाहिली आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीच्या दुकानात इनव्हिक्टो म्हणून उभी राहिली. त्याआधी २०१३ साली रेनॉची डस्टर थोडाफार चेहरा बदलून आणि किंमत चढवून निसानची टेरानो झालीच होती. नवी गाडी घडवायची म्हणजे साचे, चाचण्या, यंत्रसामग्री यांवर अफाट पैसा ओतावा लागतो. तो एकदा ओतून माल दोन दुकानांतून विकला, तर त्यात चोरी कसली?

आणि बिल्ल्याबरोबर काहीच बदलत नाही असेही नाही. ग्लान्झा आली तेव्हा तिला ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची हमी होती, तर बलेनोला २ वर्षे किंवा ४० हजारांची. म्हणजे पत्रा तोच असला तरी दिलेला शब्द वेगळा होता. मामांनी आपल्या गाडीचा हमीचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला होता, हे मला फार उशिरा कळले. अर्थात, बिल्ल्याचा मोह त्यांना मुळीच नव्हता असे म्हटले तर ते खोटे होईल. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या गाड्यांकडे त्यांनी तीस वर्षे पाहिले होते. त्यांतल्या एखाद्या गाडीचे नाव आपल्याही दारात असावे असे मास्तराला वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. ज्या ॲम्बेसॅडरला आपण अस्सल देशी म्हणून डोक्यावर घेतले, ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड होती. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत निघत राहिली. २०१७ साली तिचे नुसते नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने विकत घेतले. गाडी नाही, कारखाना नाही, फक्त नाव! वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून पद्मिनी झाली. पण जुनी माणसे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिली. तिथे बिल्ला बदलला तरी लोकांची जीभ काही बदलली नाही.

सगळ्यांत मासलेवाईक गोष्ट जीपची आहे. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ती जोडायला सुरुवात केली, तीही रीतसर परवान्याने. पुढे त्याच वंशात कमांडर, मेजर अशा गाड्या झाल्या. त्याच वंशातली रॉक्सर महिंद्रांनी अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा जीपचे नवे मालक २०१८ साली तक्रार घेऊन उभे राहिले की ही आमच्या रूपाची नक्कल आहे. २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि महिंद्रांना रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. सत्तर वर्षे पाळलेला वारसाही कायद्याच्या चष्म्यातून नक्कल ठरू शकतो! मला हा निकाल आजही पटत नाही. पण मी कलाशाखेचा विद्यार्थी, वकील नव्हे.

आपल्या दोन जिल्ह्यांत जीप हे कंपनीचे नाव कधी राहिलेच नाही. एटापल्लीच्या फाट्यावर 'काळी-पिवळी'ची वाट पाहणारी बाई पोत्यासकट आत शिरायला जागा आहे का आणि भाडे किती, एवढेच विचारते. बोनेटवर काय लिहिले आहे, हे तिने आजवर वाचलेले नसेल. ताडोब्याच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येक उघड्या गाडीला जिप्सीच म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची असो. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. तिकडच्या माणसाला बिल्ल्यापेक्षा जवळचा मिस्त्री कोण आणि सुटा भाग किती दिवसांनी येईल, हीच काळजी जास्त असते. आणि त्या दृष्टीने पाहिले तर जुळी गाडी सोयीचीच, कारण तिच्या पोटातले पुष्कळसे भाग दोन दुकानांत मिळतात.

मग हसतो कोण? हसतो आपण, शिकलेले. आपणही काही कमी बिल्ले बदललेले नाहीत. गावात 'काहून' म्हणणारा मुलगा नागपूरला मुलाखतीला गेला की घाईघाईने 'का बरं' म्हणू लागतो. वसतिगृहात माडिया बोलणारी मुले दार लावून घरी फोन करतात. माझा एक मित्र पुण्याहून सुट्टीत आला तो आपल्या आईची झाडीबोली दुरुस्त करू लागला. हे सारे आपण पोटासाठी करतो, त्याला मी वाईट म्हणत नाही. पण स्वतःचा बिल्ला रोज घासूनपुसून बदलणाऱ्याने दुसऱ्याच्या बोनेटखाली वाकून पाहू नये, एवढे तरी खरे. आपल्या गावाचेच पाहा ना. चांद्याचे चंद्रपूर होऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी रेल्वेच्या पाटीवर अजून चांदा फोर्टच आहे. कोणी म्हणते का, की हे शहर नकली आहे?

त्या दिवशी मांडवात मामा एवढेच म्हणाले होते, "पोरगी सासरी गेली का आडनाव बदलते गा. पोरगी बदलते काय?" त्यावर आम्ही आणखी जोरात हसलो. मामा मात्र हसले नाहीत. त्यानंतर घरात दोन लग्ने झाली आणि दोन्हीकडे ते एस.टी.ने आले. गाडी अंगणातल्या कडुलिंबाखाली कापड पांघरून उभी होती. मामींना विचारले तर त्या म्हणाल्या, "पेट्रोल महाग झालं ना बाबू."

यंदा महाशिवरात्रीला मी मुद्दाम मूलला गेलो आणि मार्कंड्याच्या जत्रेला गाडीनेच जायचे म्हणून हट्ट धरला. आम्ही सहाजण दाटीवाटीने बसलो. चामोर्शीच्या पुढे जत्रेच्या गर्दीत गाडी तासभर मुंगीच्या पावलाने सरकत होती; मामा मजेत होते, गाडी एका लिटरला किती जाते ते सांगत होते. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ब्रह्मपुरीच्या हसण्याबद्दल त्यांची माफी मागायची असे ठरवून गेलो होतो, पण मागे सगळी पोरे बसलेली, तोंडातून शब्द निघाला नाही. ती माफी इथे मागतो, मामा.