खडपावरची काठी

गेल्या दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो आगबोटीवर नोकरीस असतो. हाती काळी, तुकतुकीत अशी गरीची काठी होती. "सर, करंगळीवर तोलून पाहा!" तो कौतुकाने म्हणाला. पंधरवड्याने तो पुन्हा आला तो कोपरास पट्टी बांधून, आणि काठीचे दोन तुकडे घेऊन. काब-द-रामच्या खडपावर मोठा मासा लागला असता काठी मधोमध मोडली. दोरीबरोबर सरकणारा शेंडा धरावयास तो पुढे झेपावला, शेवाळावरून घसरला. लाट नुकतीच मागे फिरली होती, एवढेच त्याचे नशीब.

दोष कोणाचा? खोदून विचारता त्याने सांगितले की, दोन दिवस आधी काठी हातातून निसटून जांभ्यावर आपटली होती. वरून मात्र ओरखडाही दिसत नव्हता. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे.

आमच्या वडिलांच्या काळी माणग्याची काठी असे. माणगा जवळजवळ भरीव, चिवट आणि घरच्या कुंपणातला. पण जड, आणि नीट वाळवला नाही तर भुंग्याचे भक्ष्य. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या. १९६० च्या दशकात इंग्लंडात फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन केंद्रात बळकट कार्बनतंतू तयार करण्याची रीत सिद्ध झाली आणि पुढच्या दशकात त्या तंतूंच्या काठ्या बाजारात दिसू लागल्या. कड्या व मूठ बसवण्यापूर्वीच्या उघड्या काठीस दुकानदार 'ब्लँक' म्हणतात. तंतूंचे राळ लावलेले कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळून भट्टीत भाजतात. मग सळई ओढून काढली की पोकळ काठी उरते.

कार्बनचा तंतू काचेहून हलका, आणि ताठपणात सुमारे तिप्पट. म्हणून काठी पातळ करता येते, दूरवर फेक जाते, माशाची हलकी टोचही हातास कळते. पण पातळ कवच आघात सोसत नाही. खडकावर आपटल्याने आतल्या थरांत पडलेली चीर डोळ्यांस दिसत नाही. ती पुढे भार आला की प्रकट होते. काच वजनाने जड, परंतु तुटण्यापूर्वी पुष्कळ वाकते आणि ठोकर पुष्कळ सोसते. होडीत वा वाळूवर कार्बन शोभतो. खडपावर मात्र काठी टेकते, घासते, पडते. तेथे कार्बनात काच मिसळलेली जाड कवचाची काठी, अथवा निव्वळ काचेचीच, अधिक टिकाऊ, असे आमचे मत झाले आहे.

आणखी तीन गोष्टी वाचकांनी ध्यानी धराव्यात. मासा खडपावर घेताना शेंड्याने उचलू नये. त्या वेळी सारा भार सर्वांत बारीक भागावर येतो, त्यासाठी झोळीचे जाळे ठेवावे. घरी परतल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवावी, कारण मीठ तंतूंस फारसे बाधत नसले तरी कड्यांस खाते. आणि आकाशात गडगडाट ऐकू येताच काठी खाली ठेवून निघावे. कार्बन विजेचा वाहक आहे. काच तशी नसली, तरी खाऱ्या पाण्याने भिजलेल्या काठीचा भरवसा कोणी धरू नये.

असो. विद्यार्थ्याने मग मिश्र तंतूंची, थोडी जड काठी घेतली. मोडलेली काठी त्याने आमच्या शाळेच्या कपाटात ठेवावयास दिली आहे. नववीच्या मुलांस ती दाखवताना आम्ही पदार्थविज्ञान थोडेच सांगतो. काठी मोडली तर दुसरी मिळते. तिच्यामागे पाऊल टाकू नये, हेच अधिक सांगतो.