आज्याचं रिव्हॉल्व्हर विकायला काढताय? आधी हे वाचा, राजेहो

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी जुनं हत्यार आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात एका जुन्या मालगुजार घराण्यातला पोरगा घरी आला. नाव-गाव सांगत नाही. मोबाईलमध्ये फोटो होता, आज्याचं वेब्ली रिव्हॉल्व्हर. "दादा, एक जण पाच लाख देतो म्हणते. अँटिक आहे म्हणे, लायसन्सची भानगडच नाही. देऊन टाकू का?"

मी विचारलं, लायसन्स कोणाच्या नावावर आहे? "आज्याच्याच." आजा कधी गेला? "सहा वर्षं झाली."

म्हणजे सहा वर्षांपासून कपाटात, साड्यांच्या खाली, विनापरवाना हत्यार पडून आहे आणि घरात कोणालाच त्याचं काही वाटत नाही! अशी घरं आपल्या जिल्ह्यात एक-दोन नसावीत.

"जुनं आहे म्हणून परवाना लागत नाही" हे सर्वांत महागात पडणारं खोटं आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्यापुराण्या शस्त्रांना सूट आहे, खरं आहे. पण ती कोणत्या शस्त्राला? जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाही, त्याला. तुमच्या आज्याच्या वेब्लीचा घोडा ओढला की चक्री फिरते ना? मग ते कायद्याच्या नजरेत हत्यारच आहे, शंभर वर्षांचं का असेना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. पाच लाख देणारा तो भला माणूस तेव्हा जामीन द्यायला येणार नाही.

आता किंमत. यूट्यूबवर परदेशातले लिलाव पाहून लोक इथं भाव सांगतात. बिली द किडला ज्या कोल्टने मारलं ते २०२१ मध्ये साठ लाख डॉलरला गेलं. पॅरिसमध्ये २०१९ ला एक गंजून पार सडलेलं रिव्हॉल्व्हर १ लाख ६२ हजार ५०० युरोला विकलं गेलं, कारण व्हॅन गॉगने त्यानेच स्वतःवर गोळी झाडली असं मानतात. त्या लोखंडाला भंगारवाल्यानेही हात लावला नसता. पैसे गोष्टीचे मिळाले. तुमच्या वेब्लीची गोष्ट कुठं लिहिलेली आहे? वेब्लीचं मार्क सहा हे मॉडेल १९१५ पासून लाखांनी बनलं, ते काही दुर्मिळ नाही. आणि शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ती देशाबाहेर नेताच येत नाही. मग लंडनचा भाव तुमच्या काय कामाचा?

इथं जो भाव मिळतो तो वेगळ्याच कारणाने. १९८० च्या दशकात विदेशी हत्यारांची खासगी आयात जवळपास बंद झाली, म्हणून परवानाधारक माणूस जुन्या विलायती मालाला पैसे मोजतो. पण मोजतो तो परवानाधारकच, आणि तोही कागद पाहून. कागद नाही तर भाव शून्य. त्यातही बोअर प्रतिबंधित निघालं तर परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून लागतो, म्हणजे गिऱ्हाईक आणखीच कमी.

आणि राजेहो, विकायचा सरळ रस्ता कायद्यातच आहे, तो कोणी सांगत नाही एवढंच. परवानाधारक वारला तर हत्यार विनाकारण वेळ न लावता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. कलम २१ प्रमाणे वारसाला ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना काढून ते परत घेता येतं, किंवा परवाना असलेल्या माणसाला विकायला सांगता येतं. विक्रीचे पैसे वारसाचेच. मुदत गेली तर मात्र सरकारजमा. आजा जिवंत असेल तर आणखी सोपं: वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. परवान्यावरचं हत्यार स्वतः विकायचं तर जिल्हादंडाधिकारी किंवा ठाणेदाराला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं. बस.

पण भांडण फक्त दलालांशी नाही. आता प्रशासनाला बोलतो.

ठाण्यात जमा झालेलं हत्यार मालखान्यात जातं. एका मालखान्यात मी स्वतः पाहिलं आहे, पोत्यात बांधलेल्या बंदुका, वर चिठ्ठी, चिठ्ठीवरची शाई उडालेली. सरकारजमा झाल्यावर पुढं भट्टी. त्याआधी जाणकार माणूस एकदा तरी ते पोतं उघडून पाहतो का?

हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारी १९५१ ला गेली. त्यांचे तलाव सरकारने घेतले, ते मामा तलाव म्हणून आजही आपलं धान पिकवतात. त्यांच्या बंदुका मात्र घराघरांत राहिल्या, जुन्या परवान्यांसकट. कोणाला रानडुकरांसाठी, कोणाला शिकारीसाठी, कोणाला नुसत्या रुबाबासाठी. हा सगळा आपला इतिहास आहे, आणि तो एक तर चोरबाजारात चालला आहे नाही तर भट्टीत.

भगतसिंगांच्या पिस्तुलाचं काय झालं होतं ते आठवा. सॉन्डर्सवर झाडलेलं ते कोल्ट कित्येक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहात काळ्या रंगाखाली पडून होतं. रंग खरवडून नंबर पाहिला, खटल्याच्या कागदांशी जुळवला, तेव्हा कळलं हे काय आहे. आपल्याकडे असा नंबर पाहायला कोणी बसलाच नाही तर काय काय वितळलं हे कधी कळणारच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नष्ट करण्याआधी प्रत्येक जुन्या हत्याराचा फोटो, नंबर आणि छाप नोंदवा. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. तिथल्या जाणकाराला वर्षातून एक दिवस भंडाऱ्याला बोलवा. सव्वा तासाचा तर रस्ता आहे. निवडणूक आली की बंदुका जमा करायला यंत्रणा बरोबर हलते, मग एका दिवसासाठी हलायला काय हरकत आहे?

घरच्यांनीही एक ऐका. विकायचं म्हणून पॉलिश पेपरने घासू नका. नंबर आणि छाप गेले की भावही गेला आणि संशय वाढला. आज्याचा परवाना, खरेदीची पावती, जुना फोटो असेल तर सांभाळा. हत्याराइतकीच किंमत त्या कागदांना आहे.

तो पोरगा परवा वकिलाला घेऊन ठाण्यात गेला. रिव्हॉल्व्हर जमा केलं, नंबर आणि छापाच्या वर्णनासकट पावती घेतली, पाच लाखवाल्याचा फोन ब्लॉक केला. काल कलेक्टर ऑफिसला अर्ज दिला: वारस परवाना द्या, आणि तो नाकारणार असाल तर विल्हेवाट लावण्याआधी संग्रहालयाकडून तपासून घ्या. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथंच टाकतो.