सुरगाण्याच्या आमदाराचा अग्रक्रम

अर्थसंकल्पी अधिवेशन जवळ आले की आपापल्या मतदारसंघाच्या मागण्यांची यादी घेऊन आमदार मुंबईची वाट धरतात. यादी जितकी लांब, तितका लोकप्रतिनिधी जागरूक, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. अर्थशास्त्राचा पहिला धडा मात्र याच्या उलट आहे. साधने मोजकी आणि गरजा पुष्कळ असतील तर निवड करावीच लागते. ज्याने दहा गोष्टींना सारखाच अग्रक्रम दिला, त्याने कशालाच अग्रक्रम दिला नाही असे समजावे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला टेकलेल्या सुरगाणा तालुक्याला हा धडा विशेषत्वाने लागू पडतो.

१९४८ पर्यंत सुरगाणा हे एक लहानसे संस्थान होते. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात असून तीत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत. मागासलेल्या भागांविषयी बोलताना तेथे राजकीय जागृती नाही, असे एक ठरावीक कारण पुढे केले जाते. सुरगाण्याच्या बाबतीत ते टिकणारे नाही. जिवा पांडू गावित येथून १९७८ साली प्रथम विधानसभेवर गेले आणि पुढे एकंदर सात वेळा निवडून आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात या तालुक्याचा वाटा मोठा होता. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून ती माणसे रात्रीच चालून आझाद मैदानावर पोहोचली, हे मुंबईकर अद्याप विसरले नसतील. आणि तरीही २०२२ च्या अखेरीस याच तालुक्याच्या सीमेवरील काही गावांनी, सोयी देता येत नसतील तर आम्हांला गुजरातेत जाऊ द्या, अशी मागणी केली. जागृत, संघटित आणि दीर्घकाळ प्रतिनिधित्व लाभलेल्या तालुक्यावर ही पाळी का यावी, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधताना पहिली नजर पाण्यावर जाते. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील येवले-मालेगावच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्सा येतो. परंतु उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलोगणती हिंडण्याची वेळ सुरगाण्याच्या पाड्यांवरील स्त्रियांवर येते. नार, पार या नद्या पाणी घेऊन पश्चिमेकडे गुजरातेत उतरतात. जमीन उताराची, माती उथळ आणि साठवण जवळजवळ नाही. परिणामी भात, नागली, वरई हे एक पीक हाती आले की शेतीचे वर्ष संपते आणि दिवाळीच्या सुमारास धडधाकट माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांची वाट धरतात. मागे उरतात म्हातारी माणसे. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. तालुक्याच्या दारिद्र्याची ही गुरुकिल्ली आहे. जे वर्षातून सहा महिने गावातच राहत नाहीत, त्यांच्यासाठी शाळा, दवाखाना आणि बँक उघडूनही उपयोग मर्यादितच राहणार.

म्हणून पहिला अग्रक्रम पाण्याला, आणि तोही लहान साठवणीला. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. २००८ च्या पुनर्रचनेत सुरगाण्याचा स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि २००९ पासून हा तालुका कळवणला जोडला गेला. २०१४ साली गावित येथून निवडून आले. २०१९ आणि २०२४ साली राष्ट्रवादीचे नितीन पवार विजयी झाले. पक्ष कोणताही असो, या जागेवरील आमदाराच्या पदरात दोन भिन्न अर्थव्यवस्था आहेत. कळवणकडे गिरणेचे खोरे, चणकापूरचे धरण आणि कांद्याची बागायत. सुरगाण्याकडे पाऊस आहे पण पाणी नाही. २०२४ साली राज्य शासनाने मान्यता दिलेल्या नार-पार-गिरणा योजनेत सुमारे ७,०१५ कोटी रुपये खर्चून १०.६४ टीएमसी पाणी उपशाने व बोगद्याने पूर्वेकडे गिरणेत न्यावयाचे आहे. त्यातून नाशिक व जळगाव जिल्ह्यांतील ४९,५१६ हेक्टर जमीन भिजेल, असा हिशेब आहे. तुटीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याची गरज कोणीही नाकारू नये. परंतु धरणांचे पाणी ज्यांच्या शिवारावर चढणार आणि ज्यांच्या डोंगरावर ते पाणी मुळात पडते, त्यांचा वाटा कोणता? तो किती, कोणत्या गावांना आणि पूर्वेकडे पाणी वळण्याआधी की नंतर, हे आमदाराने सभागृहात विचारून लेखी घेतले पाहिजे. मोठ्या योजनेला वीस वर्षे लागोत की तीस. नाल्यांवरील सिमेंट बंधारे, पाझर तलाव आणि दुरुस्त विहिरी यांना एक-दोन उन्हाळे पुरतात. त्या कामांवरील मजुरी गावातच राहते, हा आणखी लाभ.

दुसरा अग्रक्रम जमिनीच्या हक्काचा. वनहक्क कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरांपर्यंतचा हक्क त्याने मान्य केला. प्रत्यक्षात कसणूक एकरांची आणि पट्टा गुंठ्यांचा, ही तक्रार २०१८ च्या मोर्चाच्या मुळाशी होती. तीच घेऊन २०२३ च्या मार्चमध्ये लोकांना पुन्हा चालावे लागले. एकदा लेखी आश्वासन मिळाल्यावर त्याच मागणीसाठी पाच वर्षांनी पुन्हा पायपीट करावी लागते, याचा अर्थ रस्त्यावर मिळवलेले कचेरीत राखण्याची व्यवस्था झाली नाही. ती व्यवस्था पाहणे हेच लोकप्रतिनिधीचे काम होय. शिवाय वनपट्टा वारसाने मिळतो, पण तो विकता वा हस्तांतरित करता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. एरवी जमीन सावकाराच्या घशात गेली असती. मात्र त्यामुळे बँकेला त्या जमिनीचे तारण उपयोगी पडत नाही. तेव्हा तारणाऐवजी शासनाची हमी देऊन पीककर्ज कसे मिळेल, याची तजवीज झाल्याशिवाय हातात पडलेला कागद भांडवल होत नाही.

तिसरा अग्रक्रम विक्रीचा. या विषयात महाराष्ट्राने एके काळी पुढाकार घेतला होता. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ नाशिकला स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली. व्यापाऱ्याच्या मापाला पर्याय देण्याचा तो प्रयत्न होता. खरेदी केंद्र उशिरा उघडले आणि पैसे उशिरा मिळाले, तर गरजू माणूस पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारी जातो, हे त्या प्रयोगाचे व्यवहारातील सार आहे. दुसरीकडे, सापुताऱ्याच्या वाटेवर बोरगाव परिसरात आदिवासी शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीचे पीक यशस्वी करून दाखवले आहे. थोडे पाणी आणि जवळचे गिऱ्हाईक मिळाले की हा शेतकरी नवे पीक घ्यायला कचरत नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. नागलीला आज शहरात मागणी आहे. तिची स्वच्छता, दळण आणि बांधणी तालुक्यातच झाली तर त्यातली मिळकतही येथेच राहील.

रस्ते का नकोत, असे कोणी विचारील. रस्ते हवेतच, आजाऱ्याला डोलीतून नेण्याची पाळी कोणावरही येऊ नये. परंतु केवळ रस्ता झाला आणि गावात पाणी व उत्पन्न नसले, तर त्या रस्त्याने माल बाहेर जाण्याऐवजी माणसेच अधिक वेगाने बाहेर जातात. सभामंडप आणि कमानी यांविषयी तर लिहावयासच नको. त्या डोळ्यांत भरतात आणि निवडणुकीच्या आत पुऱ्या होतात, हेच त्यांचे आकर्षण. बंधाऱ्यावर उद्‌घाटनाचा दगड लागतो, पण त्याचे श्रेय मात्र पुढच्या उन्हाळ्यात मिळते.

या सर्वांसाठी आमदाराच्या हाती काय आहे? स्थानिक विकास निधी २०२२ साली पाच कोटी रुपयांवर गेला. साडेतीन लाखांची वस्ती धरली तरी माणशी दीडशे रुपयेही होत नाहीत. खरी शक्ती या निधीत नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने जनजाती सल्लागार परिषद दिली आहे. तिच्या जास्तीत जास्त वीस सदस्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आदिवासी आमदार असावे लागतात. विधानसभेत अनुसूचित जमातींच्या २५ जागा आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आणि आदिवासी घटक योजनेतील पाच टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचे धोरण राज्याने स्वीकारले. हे पैसे वेळेवर पोहोचतात का, ग्रामसभेने ठरवलेल्या कामावरच पडतात का, आणि शिक्षक व डॉक्टरांच्या जागा भरल्या जातात का, हे विचारणे पाच कोटींच्या वाटपापेक्षा अधिक मोलाचे आहे. पंचवीस आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून एकच प्रश्न लावून धरला, तर कोणतेही मंत्रिमंडळ तो टाळू शकणार नाही.

यश मोजावयाचे कसे, हेही आधी ठरवून ठेवावे. किती किलोमीटर डांबर पडले आणि किती कोटी मंजूर झाले, हे माप शासकीय अहवालांना पुरेसे असेल, मतदाराला नव्हे. त्याच्यासाठी साधे माप आहे. दिवाळीनंतर तालुक्यातून मजुरीसाठी किती कुटुंबे बाहेर पडतात, याची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीने दरवर्षी ठेवावी आणि आमदाराने ती आपल्या कार्याच्या अहवालात पहिल्या पानावर छापावी. हा आकडा पाच वर्षांत घटला, तर अग्रक्रम बरोबर होता. घटला नाही, तर यादी कितीही लांब असो, ती व्यर्थ होती असेच म्हणावे लागेल.